तळघरातले देव, वरच्या खोलीतली प्रार्थना: ललिंगस्टोनचे रोमन-ब्रिटिश घर

मागच्या व्याख्यानात आपण ब्रिटनमधले रोमन रस्ते आणि सैनिकी छावण्या पाहिल्या. त्यानंतर अनेकांनी विचारलं, की सैनिक कसे राहत ते समजलं, पण शेतावर राहणाऱ्या माणसांचं काय? त्यांची घरं कशी होती, त्या घरांत ते कुणाची पूजा करत, आणि हे सगळं आपल्याला कळतं कसं? आज त्यासाठी आपण एकच घर घेणार आहोत. दहा घरांची यादी सांगण्यापेक्षा एका घराच्या पायऱ्या उतरून खाली जाणं जास्त उपयोगाचं, असं आम्हाला वाटतं.

रोमन म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळांना कोल्हापूरची ब्रह्मपुरी आठवते. तिथे समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. आपल्या बाजूला रोमन जग आलं ते व्यापारातून, वस्तूंच्या रूपात. आजचं घर त्या जगाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, वायव्येला आहे. तिथे रोमन आले ते सैन्य घेऊन, आणि सुमारे साडेतीनशे वर्षं राहिले. त्यामुळे तिथे नुसत्या वस्तू बदलल्या नाहीत. काही लोकांची घरंच बदलली.

आता "काही लोकांची" हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. इसवी सन ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या काळात रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या. त्याआधी तिथली सर्वसाधारण घरं गोल असत. लाकडी खांब, कुडाच्या भिंती, वर गवताची किंवा तणसाची शाकारणी, मधोमध चूल. ही पद्धत रोमन आल्याबरोबर संपली नाही. रोमन काळातही खेड्यापाड्यांतले बहुसंख्य लोक अशाच साध्या घरांत राहत होते. दगडी पाया, कौलारू छप्पर, रंगवलेल्या भिंती आणि चित्रांची फरशी असलेलं घर, ज्याला आपण "व्हिला" म्हणतो, ते थोड्या सधन कुटुंबांचं. लॅटिनमध्ये व्हिला म्हणजे शेतावरचं घर, वाडी म्हणा हवं तर. सुट्टीत जाऊन राहायचा बंगला हा अर्थ फार नंतरचा. व्हिलाच्या भोवती शेती होती, जनावरं होती, कोठार होतं आणि राबणारी माणसं होती.

घर सापडलं कसं

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट परगणा आहे. तिथे डॅरेंट नावाची एक छोटी नदी उत्तरेला वाहत जाऊन टेम्सला मिळते. या नदीच्या खोऱ्यात रोमन काळातली बरीच घरं सापडली आहेत. जमीन चांगली, पाणी जवळ, आणि लंडनची बाजारपेठ फार लांब नाही. याच खोऱ्यात आइन्सफर्ड गावाजवळ, टेकडीच्या पायथ्याशी, ललिंगस्टोनचं घर आहे.

१७५० साली तिथल्या हरणांच्या कुरणाला कुंपण घालायचं काम चाललं होतं. खांबांसाठी खड्डे घेताना पहार खाली गेली ती थेट रंगीत दगडांच्या फरशीत. म्हणजे या घराची पहिली खूण मिळाली तीच फरशी फोडून. पण तेव्हा पुढे काही झालं नाही. १९३९ मध्ये जागेची पुन्हा पाहणी झाली, मग महायुद्ध आलं. खरं उत्खनन १९४९ मध्ये लेफ्टनंट कर्नल जेफ्री मीट्स यांच्या देखरेखीखाली सुरू झालं आणि १९६१ पर्यंत चाललं. १९६३ पासून या अवशेषांवर छप्पर आहे आणि लोकांना ते पाहता येतात.

इतकी शतकं हे घर टिकलं त्याचं श्रेय टेकडीला द्यायला हवं. घर उतार खणून बसवलेलं होतं. ते पडल्यावर वरून वाहत आलेली माती त्याच्यावर साचत गेली आणि भिंती झाकल्या गेल्या. मोकळ्या रानात उभ्या असत्या तर आसपासच्या लोकांनी त्यांचे दगड केव्हाच काढून नेले असते. आपल्याकडे पडक्या गढीचे चिरे गावातल्या घरांच्या जोत्यांत सापडतात ना, तसंच.

एका घराची तीन शतकं

या जागेवरचं पहिलं दगडी घर इसवी सन १०० च्या सुमाराचं. गारगोटीचे दगड चुन्यात बसवून बांधलेलं, साधं, लांबट. आपल्याकडे तो सातवाहनांचा काळ. पुढची तीनशे वर्षं हे घर वाढत गेलं, बदलत गेलं. एका टोकाला स्नानगृह जोडलं गेलं. रोमन स्नानगृह म्हणजे आपली न्हाणी नव्हे. त्यात थंड, कोमट आणि गरम अशा वेगवेगळ्या खोल्या असत. गरम खोलीची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून धरलेली असे. बाहेरच्या भट्टीतली गरम हवा त्या पोकळीतून फिरे आणि भिंतींत बसवलेल्या पोकळ विटांमधून वर जाई. या रचनेला हायपोकॉस्ट म्हणतात. केंटच्या थंडीत त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण लक्षात घ्या, ती भट्टी पेटती ठेवायला रोज कुणीतरी सरपण आणत होतं, राख काढत होतं. त्या माणसाचं नाव या घरात कुठेही लिहिलेलं नाही.

खरं म्हणजे मालकाचंही नाही. ललिंगस्टोनला मालकाचं नाव सांगणारा एकही लेख मिळालेला नाही. मिळाले ते दोन संगमरवरी अर्धपुतळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, भूमध्य सागराकडच्या दर्जाच्या कामाचे, आणि दोन्ही पुरुषांचे. यातला एक पुतळा पर्टिनॅक्सचा असावा असं काही अभ्यासकांनी सुचवलं आहे. पर्टिनॅक्स १८५ च्या सुमारास ब्रिटनचा सुभेदार होता. पुढे १९३ मध्ये तो रोमचा सम्राट झाला आणि तीन महिन्यांच्या आत मारला गेला. दुसरा पुतळा त्याच्या वडिलांचा असावा, असाही तर्क आहे. हे खरं असेल तर हे घर सुभेदाराचं ग्रामीण निवासस्थान ठरेल. ऐकायला छान वाटतं. पण पुतळ्यांवर नाव नाही. चेहऱ्याचं साम्य एवढाच आधार आहे. म्हणून हा तर्क आपण तर्क म्हणूनच ठेवू.

चौथ्या शतकाच्या मध्यावर या घराने थाटाचं रूप घेतलं. तिथे नवी बैठकीची खोली आली आणि तिला लागून अर्धवर्तुळाकार भोजनगृह. भोजनगृहाच्या फरशीत मोझेकचं चित्र आहे. बैलाचं रूप घेतलेला जुपिटर राजकन्या युरोपाला पाठीवर घेऊन समुद्र ओलांडतो आहे. त्याच्या वर दोन ओळींचा लॅटिन श्लोक आहे. त्यातला विनोद असा, की जुपिटरची मत्सरी बायको जूनो हिने हे पोहणं पाहिलं असतं, तर वादळं उठवायला वाऱ्यांच्या राजाकडे जायला तिच्याजवळ जास्त योग्य कारण असतं. व्हर्जिलच्या "इनीड" महाकाव्यात जूनो अशी जाते. ती गोष्ट ठाऊक नसेल तर हा विनोद कळायचाच नाही. म्हणजे केंटमधल्या एका शेतावरचा यजमान पाहुण्यांना जेवायला बसवताना सांगत होता, की आम्ही वाचलेली माणसं आहोत, तुम्हीही असाल.

शेजारच्या खोलीतल्या मोझेकमध्ये पंखांच्या घोड्यावर बसलेला बेलेरोफॉन कायमेरा नावाच्या राक्षसी प्राण्याला भाल्याने मारतो आहे. कोपऱ्यांत चार ऋतू होते. हिवाळा म्हणून डोक्यावरून वस्त्र ओढलेली वयस्क बाई दाखवली आहे. ही सगळी चित्रं ग्रीक-रोमन पुराणांतली. तर मग हे घर जुन्या देवांना मानणाऱ्यांचं होतं, असं म्हणून आपण मोकळं व्हायचं का? इथेच थांबायला हवं, कारण याच घराच्या उत्तर बाजूला दुसरंच काही चाललं होतं.

पायऱ्या उतरून खाली

घराच्या त्या टोकाला एक खोल खोली आहे, तळघरच म्हणा. तिच्या भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात रंगवलेल्या तीन जलदेवता. हे चित्र दुसऱ्या शतकातलं. नदीकाठचं घर, पाण्यावर अवलंबून असलेली शेती, त्यामुळे पाण्याच्या देवता घरात असणं साहजिक आहे. आपल्याकडे नदीकाठी, विहिरीजवळ साती आसरा असतात, त्यांची आठवण कुणाला झाली तर नवल नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण गरज ओळखीची आहे.

पुढे तो कोनाडा बंद करून त्यावर गिलावा केला गेला. जलदेवता झाकल्या गेल्या. नंतर, तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, याच खोलीत ते दोन संगमरवरी अर्धपुतळे ठेवलेले दिसतात, आणि त्यांच्यापुढे नैवेद्याची मातीची भांडी. म्हणजे ही खोली आता पूर्वजांसाठी होती, किंवा या घराने ज्यांना पूर्वजांचा मान दिला त्यांच्यासाठी. पुतळे मूळ याच कुटुंबाचे होते की घराबरोबर आले, हे सांगता येत नाही. पण त्यांच्यापुढे काही ठेवावं असं कुणाला तरी वाटत होतं, एवढं ती भांडी सांगतात.

सुमारे ३०० साली घरामागच्या उतारावर एक चौकोनी, देवळासारखी इमारत उभी राहिली. तिच्या खाली तरुण वयाच्या एका पुरुषाला आणि एका स्त्रीला शिशाच्या शवपेट्यांत पुरलं होतं. त्यातली एक शवपेटी पुढे प्राचीन काळातच कुणीतरी काढून नेली. पुरुषाबरोबर ठेवलेल्या वस्तूंत खेळाचा एक संच होता, काचेच्या तीस सोंगट्या. विशी-पंचविशीतला मुलगा गेला आणि घरच्यांनी त्याचा खेळ त्याच्याबरोबर दिला. एवढं समजायला वेगळा पुरावा लागत नाही.

वरची खोली

आता त्या खोल खोलीच्या नेमक्या डोक्यावर, वरच्या मजल्याला, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात एक खोली नव्याने रंगवली गेली. एका भिंतीवर खांबांच्या रांगेत उभी असलेली सहा माणसं, उंची वस्त्रं ल्यालेली. त्यांतल्या काहींचे हात दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. सुरुवातीच्या ख्रिस्ती काळात प्रार्थना करताना असेच हात पसरत. शेजारच्या भिंतीवर पानाफुलांच्या वर्तुळात एक मोठं चिन्ह आहे, "ख्रिस्त" या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं, खी आणि ऱ्हो, एकमेकांत गुंफलेली. म्हणजे ही खोली ख्रिस्ती प्रार्थनेची होती. ब्रिटनमधल्या ख्रिस्ती उपासनेच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत तिची गणना होते.

काळाचा संदर्भ पाहू. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती उपासनेला मोकळीक दिली. ३१४ मध्ये गॉलमधल्या आर्ल गावी भरलेल्या धर्मसभेला ब्रिटनमधून तीन बिशप गेले होते. ३८० मध्ये थिओडोसियसच्या काळात ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. ललिंगस्टोनची खोली या दोन टोकांच्या दरम्यानची. तिचा घराच्या आतला रस्ता बंद करून बाहेरून येण्याची सोय केलेली दिसते. त्यामुळे घरच्यांखेरीज शेतावरचे, आसपासचे लोकही इथे येत असावेत, असं मानतात.

पण एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. वरचा मजला तर उरलेला नाही. मग त्याच्या भिंतींवरची चित्रं आपल्याला माहीत कशी?

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला घराला आग लागली. वरच्या खोलीची लाकडी जमीन जळाली आणि भिंतींचा रंगीत गिलावा हजारो तुकड्यांनी खालच्या खोल खोलीत कोसळला. त्यावर राडारोडा, त्यावर टेकडीची माती. उत्खननात हे तुकडे उचलले गेले आणि पुढे वर्षानुवर्षं जुळवले गेले. रंग, रेषेची जाडी, गिलाव्याच्या मागचा पोत, असं एकेक पाहत. आज ती चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. घर जळलं नसतं, हळूहळू ओलीने आणि पावसाने झडलं असतं, तर वरच्या खोलीत काय होतं हे आपल्याला कधी कळलं नसतं.

आणि त्याच ढिगाऱ्याच्या खाली, तळघरात, दोन्ही अर्धपुतळे आपल्या जागी होते. नैवेद्याची भांडीही होती. त्यांतली काही भांडी, उत्खननकर्त्यांच्या मते, वर ख्रिस्ती प्रार्थना सुरू झाल्यानंतरच्या काळातली आहेत.

याचा अर्थ काय लावायचा

आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. वर हात पसरून प्रार्थना, खाली पूर्वजांपुढे भांडी, आणि बाजूच्या खोलीत जुपिटर-युरोपाच्या चित्राभोवती जेवणावळ. एकाच छपराखाली, जवळपास एकाच काळात.

यावर वेगवेगळी उत्तरं दिली जातात. एक म्हणजे घरातली तरुण मंडळी ख्रिस्ती झाली आणि कुणी वडीलधारं माणूस खाली जुनं सांभाळत राहिलं. दुसरं, कुटुंब एकाच वेळी दोन्हीकडे हात जोडत होतं, न जाणो कोणता देव कधी उपयोगी पडेल. तिसरं, पुतळ्यांपुढे ठेवणं त्यांच्या लेखी पूजा नव्हतीच, घराण्याच्या मूळपुरुषांची आठवण होती, आणि तिचा नव्या धर्माशी विरोध आहे असं त्यांना वाटत नव्हतं. बेलेरोफॉनबद्दलही असाच वाद आहे. डॉर्सेटमधल्या हिंटन सेंट मेरी इथे १९६३ मध्ये सापडलेल्या एका मोझेकमध्ये बेलेरोफॉन आणि खी-ऱ्हो चिन्ह दोन्ही आहेत. म्हणून काही जण या चित्राकडे चांगल्याने वाइटावर मिळवलेला विजय म्हणून, ख्रिस्ती अर्थानेही पाहतात.

आम्हाला यातलं एक उत्तर निवडून तुमच्या हाती द्यायचं नाही. पुरावा तेवढा बोलत नाही. पण तो एक गोष्ट नक्की सांगतो. पुस्तकात आपण वाचतो, अमुक साली आज्ञा निघाली आणि साम्राज्याचा धर्म बदलला. घरात बदल असा तारखेने होत नाही. तो खोलीखोलीने होतो. एका खोलीला नवा रंग लागतो, दुसरी तशीच राहते, तिसरीला नुसतं कुलूप लागतं. ज्या घरात देवघरातला एखादा टाक कुणाचा हे आता कुणालाच सांगता येत नाही, तरी तो हलवायची हिंमत होत नाही, तिथल्या माणसाला ललिंगस्टोनचं तळघर समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणूनच पुरातत्त्वात वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची. हेच अर्धपुतळे कुणी चोरून खणून बाजारात विकले असते तर ते आज दोन देखणे चेहरे म्हणून उरले असते. ते कुठे होते, त्यांच्यापुढे काय होतं, वरून काय कोसळलं, हे सगळं कायमचं गेलं असतं. तुमच्या शेतात, पाया खणताना काही लागलं तर ते जागेवरून न हलवता आधी कळवायचं, ते यासाठी.

प्रश्नोत्तरांतून

एक प्रश्न असा आला, की आग कुणी लावली? आक्रमकांनी का? लढाई झाली असं दाखवणारा पुरावा ललिंगस्टोनला नाही. भट्ट्या, दिवे आणि लाकडी छत असलेल्या घराला आग अपघाताने लागू शकते. नवलाची गोष्ट आहे ती वेगळीच. आगीनंतर घर पुन्हा बांधलं गेलं नाही. ४१० च्या सुमारास रोमची ब्रिटनमधली सत्ता संपली होती. कौलं भाजणारे, मोझेक बसवणारे कारागीर, ज्या बाजारावर जगत होते, तो बाजार मोडत चालला होता. पण सगळीकडे एकदम अंधार झाला असंही समजू नका. ग्लॉस्टरशरमधल्या चेडवर्थ व्हिलात एका मोझेकखालच्या भिंतीच्या पायातला कोळसा आणि हाडं कार्बन पद्धतीने तपासली गेली. निष्कर्ष २०२० मध्ये जाहीर झाला. ती भिंत ४२४ नंतरची निघाली, म्हणजे मोझेक त्याहून नंतरचं. सत्ता गेल्यावरही कुणीतरी नवी फरशी घालत होतं.

दुसरा प्रश्न, आपल्याकडचं काही त्या देशात पोचत होतं का? ललिंगस्टोनच्या स्वयंपाकाबद्दल तसं म्हणायला आधार नाही. पण ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या व्हिंडोलांडा छावणीत मिळालेल्या लाकडी पट्ट्यांवरच्या हिशेबात मिरीचा उल्लेख आहे. तो काळ साधारण ललिंगस्टोनचं पहिलं घर बांधलं गेलं तोच. आणि मिरी येत होती ती आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडून, मलबारातून.

शेवटचा प्रश्न एका शिक्षिकेचा होता. या सगळ्यात घरातली कामाची माणसं कुठे आहेत? उत्तर हेच, की ती सगळीकडे आहेत आणि नावाने कुठेही नाहीत. भट्टीच्या राखेत आहेत, घर आणि नदीच्या मधल्या मोठ्या कोठारात आहेत. कदाचित बाहेरच्या दाराने वरच्या खोलीत येऊन हात पसरणाऱ्यांतही असतील. आणि तळघरात उतरून पुतळ्यांपुढे शेवटचं भांडं ठेवणारा हात मालकाचाच होता, असं तरी कुणी सांगितलंय?

घर पडल्यावर बऱ्याच काळाने, सॅक्सन लोकांच्या वेळी, टेकडीवरच्या त्या थडग्याच्या पडक्या भिंतींवर एक छोटं चर्च बांधलं गेलं. खालचं घर तोवर मातीखाली गेलं होतं. लोक पुन्हा त्याच उतारावर प्रार्थनेला येऊ लागले. पायाखाली काय आहे याची त्यांना कितपत कल्पना होती, कोण जाणे.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण व्हिला सोडून कुडाच्या गोल घरात जाऊ. भिंती उरत नाहीत तेव्हा नुसत्या खांबांच्या खड्ड्यांवरून घर कसं ओळखतात, ते पाहू.